अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज पाठवला; आता निकाल येईपर्यंत काय करायचं?

कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच अर्जातून अनेक अमेरिकी कॉलेजांकडे जाण्याची सोय असलेल्या संकेतस्थळावर, शेवटचं बटण दाबलं की पडद्यावर रंगीत चिटोऱ्यांचा पाऊस पडतो. घरातले सगळे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. आणि त्यानंतर काहीच होत नाही. दिवस जातात, आठवडे जातात, कॉलेजकडून चकार शब्द येत नाही आणि जीव टांगणीला लागतो.

ज्यांच्या घरातून बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवी शिकायला याआधी कुणी गेलेलं नाही, त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. गेली काही वर्षं नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलांसोबत मी हा काळ जवळून पाहिला. थांबण्याच्या या तीन-चार महिन्यांत बरीच छोटी कामं आपल्या हातात असतात, तीच नेमकी राहून जातात. आणि जे आपल्या हातात उरलेलं नाही, त्याच्यामागे मुलं रात्री जागवतात. म्हणून कामं क्रमाने सांगते.

पहिल्या आठवड्यात: प्रत्येक कॉलेजचं पोर्टल उघडा

कॉमन ॲप १९७५ साली मोजक्या कॉलेजांनी मिळून सुरू केलं. आज हजाराहून जास्त कॉलेजं त्यातून अर्ज घेतात. पण कॉमन ॲप म्हणजे फक्त टपालपेटी. अर्ज तिथून कॉलेजकडे गेला की पुढचा सगळा व्यवहार त्या कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर होतो. काही तासांत किंवा काही दिवसांत ईमेल येतो: पोर्टलचा पत्ता, एक क्रमांक, पासवर्ड ठरवायची सूचना. दहा कॉलेजांना अर्ज केला असेल तर दहा पोर्टलं. निकालही तिथेच लागतो. ईमेलमध्ये बहुधा एवढंच असतं की 'तुमच्या पोर्टलवर एक पत्र आलं आहे'.

हा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडतो, आणि हे सर्रास होतं. आठवड्यात आला नाही तर स्पॅम आणि 'प्रमोशन्स' दोन्ही कप्पे तपासा. तिथेही नसेल तर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल करा. एका वहीत किंवा एक्सेलच्या तक्त्यात कॉलेजचं नाव, पोर्टलचा पत्ता, क्रमांक आणि निकालाची अपेक्षित तारीख लिहून ठेवा.

इथे एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. काही सल्लागार अर्जात स्वतःचा किंवा स्वतःच्या संस्थेचा ईमेल टाकतात आणि पोर्टलचे पासवर्ड स्वतःकडे ठेवतात. असं झालं की मुलाचा निकाल मुलाच्या आधी तिसऱ्याच माणसाला कळतो, आणि कॉलेजने मागितलेला कागद त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला मुलाखतीचं निमंत्रण आलं होतं हे तारीख उलटल्यावर कळलं. अर्ज तुमचा आहे. ईमेल तुमचा हवा, पासवर्ड तुमच्याकडे हवेत. आजच मागून घ्या आणि बदला.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात: 'मिळालं नाही' असं दिसतं तेव्हा

पोर्टलवर कागदपत्रांची यादी असते: शाळेची गुणपत्रिका, शिफारसपत्रं, परीक्षेचे गुण. समोर हिरवी खूण किंवा 'मिळालं नाही'. अंतिम तारखेच्या आसपास कार्यालयात एकाच वेळी हजारो कागद येऊन थडकतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, म्हणजे यूसीएलएकडे, २०२४ च्या प्रवेशासाठी १ लाख ४५ हजारांहून जास्त प्रथमवर्षाचे अर्ज आले होते. त्यामुळे कागद पोचूनही त्याची नोंद व्हायला दोन आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस थांबा.

दोन आठवड्यांनंतरही लाल खूण गेली नाही, तर आधी शंका नावावर घ्या. आपल्याकडे एकाच मुलाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असतं. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं; पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा; एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या नोंदणीत वडिलांचं नाव गाळलेलं. कॉलेजची संगणकप्रणाली नाव आणि जन्मतारीख जुळवून कागद फायलीत टाकते. जुळलं नाही तर कागद बाजूला पडतो. माझ्या भाचीचे गुण असेच तीन आठवडे 'मिळाले नाहीत' दिसत होते. तिने कार्यालयाला कळवलं की परीक्षेची नोंदणी या नावाने आहे आणि अर्ज त्या नावाने आहे, जन्मतारीख ही, अर्जाचा क्रमांक हा. दोन दिवसांत खूण हिरवी झाली. असा ईमेल मुलानेच लिहावा, आईवडिलांनी नाही. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि क्रमांक घाला.

शाळेकडून जायचा कागद अडला असेल तर कॉलेजला विचारण्याआधी शाळेच्या समुपदेशकांना किंवा मुख्याध्यापकांना भेटा. आपल्या कित्येक शाळांना हे सगळं नवीन असतं. त्यांनी कागद भरून 'सबमिट' करायचं राहून गेलेलं असतं, बाकी काही नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅम्पस याला अपवाद आहेत. तिथे गुण तुम्ही स्वतः भरता; शाळेची अधिकृत गुणपत्रिका प्रवेश पक्का झाल्यावर मागतात. तिथल्या पोर्टलवर गुणपत्रिकेचा उल्लेख दिसला नाही म्हणून घाबरू नका.

आर्थिक मदत मागितली असेल तर

ती वेगळी फाईल आहे आणि तिच्या तारखाही वेगळ्या आहेत. बरीच खासगी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांकडून सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज मागतात. पालकांच्या उत्पन्नाचे दाखले, कर भरल्याचे कागद, पगारपत्रकं वेगळी द्यावी लागतात, आणि ती मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरासह. फाफ्सा हा दुसरा फॉर्म तुमच्यासाठी नाही. तो अमेरिकी नागरिक आणि काही ठरावीक रहिवाशांसाठी असतो. पोर्टलवर त्याच्यासमोर लाल खूण दिसली तर 'मी परदेशी विद्यार्थी आहे, मला हा लागू आहे का' असं एकदा विचारून मोकळे व्हा.

मदतीची फाईल अपुरी राहिली तर प्रवेश मिळूनही पैसे मिळत नाहीत, आणि नंतर मागण्याची सोय अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांना नसते. म्हणून मला हे पोर्टलपेक्षाही मोठं काम वाटतं.

निकाल कधी लागतात

अर्ज कोणत्या फेरीतून केला त्यावर हे ठरतं. लवकरच्या फेऱ्या दोन: अर्ली डिसिजन, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन, आणि अर्ली ॲक्शन, ज्यात ते बंधन नसतं. त्यांचे अर्ज बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत जातात. अर्ली डिसिजनचे निकाल साधारण डिसेंबरच्या मध्यात येतात, अर्ली ॲक्शनचे काही ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबतात. नेहमीच्या फेरीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चच्या मध्यापासून १ एप्रिलच्या आसपासपर्यंत. ॲरिझोना स्टेटसारखी काही विद्यापीठं आलेला अर्ज वाचत जातात आणि निकाल देत जातात. तिथे काही आठवड्यांतही उत्तर येतं.

एमआयटीचा नेहमीच्या फेरीचा निकाल १४ मार्चला, पाय या संख्येच्या दिवशी, संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लावण्याची प्रथा आहे. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट असते, ३ वाजून ५८ मिनिटं. आयव्ही लीग या गटातली हार्वर्डसारखी आठही नामांकित कॉलेजं मार्चच्या अखेरीस एकाच संध्याकाळी निकाल जाहीर करतात. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे ७ म्हणजे मार्चमध्ये आपल्याकडे पहाटेचे साडेचार, डिसेंबरमध्ये साडेपाच. घड्याळं तिथे मार्चमध्ये एक तास पुढे सरकतात, म्हणून हा फरक.

नक्की तारीख कॉलेज स्वतः काही दिवस आधी ईमेलने किंवा पोर्टलवर सांगतं. तोवर पोर्टलच्या पत्त्यात एखादं अक्षर बदललं, एखादा रकाना नाहीसा झाला, यावरून निकालाचा अंदाज बांधण्याचा उद्योग मुलांच्या गटांत रात्रंदिवस चालतो. त्यातून घालमेल वाढते, हाती काही लागत नाही. मुलाखतीला बोलावलं नाही म्हणजे अर्ज बाजूला टाकला, हाही गैरसमज. मुलाखती बहुधा माजी विद्यार्थी घेतात, आणि तुमच्या भागात मोकळा माजी विद्यार्थी असेल तरच त्या होतात. पोर्टल आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, उघडा. ईमेल मात्र रोज पाहा.

जानेवारी-फेब्रुवारी: बारावीचा अभ्यास

मधल्या काळात शाळेकडून सहामाहीचा अहवाल जातो. पूर्वपरीक्षेचे किंवा सहामाहीचे गुण त्यात असतात, आणि नेहमीच्या फेरीत अर्ज वाचणारे ते बघतात. शाळेला आठवण तुम्हीच करा.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. आपल्याकडे बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि अमेरिकेचे निकाल मार्चमध्ये. पहाटे नकार वाचायचा आणि सकाळी पेपरला बसायचं, असं मुलांच्या वाट्याला येतं. बोर्डाचे गुण गौण समजू नका. अमेरिकेतला प्रवेश 'बारावी व्यवस्थित पूर्ण करण्याच्या' अटीवर असतो. उन्हाळ्यात शाळा अंतिम गुणपत्रिका पाठवते. गुण फारच घसरले असतील तर कॉलेज खुलासा मागतं आणि प्रवेश मागेही घेऊ शकतं. शिवाय तिकडचं काही जमलं नाही तर इथल्या प्रवेशासाठी हेच गुण लागणार आहेत.

माझं मत असं, की परीक्षेचं वेळापत्रक आणि निकालाच्या तारखा शेजारी शेजारी लिहा, आणि दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर त्या रात्री पोर्टल उघडायचं नाही असं घरात आधीच ठरवा. निकाल पेपर संपल्यावरही तोच असतो. भाचीने असंच केलं. फोन आईकडे दिला, पेपर देऊन आली, जेवली, मग दार लावून एकटीने पाहिलं. दार लावून पाहायचं की सगळ्यांसमोर, हे मुलाने ठरवावं. आजीआजोबांना, शेजाऱ्यांना निकालाची तारीख सांगून ठेवू नका. त्या दिवशी येणारे फोन फार जड जातात.

कॉलेजला नवीन काही कळवायचं असेल तर ते तितक्या तोलाचं हवं: एखादी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी, पूर्ण झालेला प्रकल्प, किंवा अर्जात राहून गेलेली गंभीर चूक. ते एकदाच, पोर्टलवर सोय असेल तिथूनच. 'माझ्या अर्जाचं काय झालं' असं विचारू नका.

निकालाचे चार प्रकार

प्रवेश, नकार, डिफर आणि वेटलिस्ट. पहिले दोन स्पष्ट आहेत. नंतरच्या दोहोंत मुलं गोंधळतात.

डिफर म्हणजे लवकरच्या फेरीत निर्णय घेतला नाही, अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा वाचणार. अर्ली डिसिजनमधून डिफर झालात तर 'प्रवेश मिळाल्यास इथेच येईन' हे बंधन सुटतं. पोर्टलवर 'विचारात ठेवा' असं कळवण्याची जागा असेल तर ती भरा. मग एक पानाचं पत्र: तुम्हाला अजून तिथेच यायचं आहे, नोव्हेंबरनंतर काय घडलं, आणि त्या कॉलेजमधली कोणती गोष्ट तुमच्या अभ्यासाशी जुळते. जुना निबंध नव्या शब्दांत लिहू नका. पत्र जानेवारीच्या उत्तरार्धात, नवे गुण हातात आल्यावर पाठवलं तर त्यात सांगण्यासारखं काही असतं. कॉलेजने 'पत्र पाठवू नका' असं लिहिलं असेल तर पाठवू नका.

वेटलिस्ट मार्चच्या निकालात येते. प्रवेश दिलेल्यांपैकी पुरेशी मुलं आली नाहीत तर या यादीतून बोलावतात. यादीत राहायचं आहे हे ठरलेल्या तारखेच्या आत कळवावं लागतं, आपोआप काही होत नाही. आपल्याकडे प्रतीक्षा यादी म्हटली की क्रमांक आठवतो. तिथे बहुतेक कॉलेजांत क्रमांक नसतो. ज्या विषयाची, ज्या भागातली मुलं कमी पडली ती पाहून निवड होते. हालचाल मुख्यतः मे-जूनमध्ये होते.

शक्यता किती हे अंदाजाने ठरवू नका. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावासोबत हे शब्द शोधले की सापडतं. त्यातल्या सी-२ या भागात वेटलिस्टवर किती जणांना ठेवलं, किती जण राहिले आणि किती जणांना घेतलं, हे तीन आकडे असतात. मागच्या तीन-चार वर्षांचे पाहा. काही वर्षी शेकडो घेतलेले दिसतात, काही वर्षी एकही नाही. परदेशी विद्यार्थ्यांना किती मदत दिली हे त्याच पत्रकात एच-६ मध्ये असतं. वेटलिस्टमधून घेताना मदतीचे पैसे बहुधा संपत आलेले असतात, म्हणून ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी हा भाग आधी वाचावा.

नकाराच्या पत्रात कारण नसतं, आणि विचारलं तरी सहसा सांगत नाहीत. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. या आकड्यांत उत्तम गुणांची, उत्तम निबंधांची हजारो मुलं परत पाठवलेली आहेत. आईवडिलांनी त्या दिवशी 'तो निबंध वेगळा लिहायला हवा होता' हे बोलू नये. मूल ते स्वतःला आधीच शंभर वेळा बोललेलं असतं.

सगळीकडून नकार आला तरी त्या वर्षाची दारं पूर्ण बंद होत नाहीत. अमेरिकेतल्या प्रवेश समुपदेशकांची संघटना, नॅक्ॲक, दरवर्षी मे महिन्यात जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी प्रसिद्ध करते. त्यात मदत आहे का, परदेशी विद्यार्थी घेतात का, हेही दिलेलं असतं.

एप्रिल: पैशांचं पत्र नीट वाचा

'तुम्हाला २५ हजार डॉलरची शिष्यवृत्ती' हे वाचून घरात पेढे वाटले जातात. आकडा सुटा वाचू नका. समजा, कॉलेजचा एका वर्षाचा एकूण खर्च, शिक्षणशुल्क, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं धरून, ८० हजार डॉलर आहे. २५ वजा जाता ५५ हजार उरले. चार वर्षांचे २ लाख २० हजार, आणि शुल्क दरवर्षी वाढतं ते वेगळंच. हा हिशेब प्रत्येक कॉलेजसाठी एका कागदावर मांडा. शिष्यवृत्ती चारही वर्षं आहे का, आणि ती टिकायला किती सरासरी गुण लागतात, हे विचारा. तिथे काम करून शिक्षणाचा खर्च निघेल असं धरू नका: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि त्यातून हातखर्चच सुटतो.

घरची परिस्थिती अर्जानंतर बदलली असेल, नोकरी गेली, आजारपण आलं, तर मदत कार्यालयाला पुराव्यासह लिहा. यात कमीपणा काही नाही. उत्तर 'नाही' आलं तरी प्रवेशाला धक्का लागत नाही.

१ मेच्या आत

बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार आणि काही शे डॉलरची अनामत लागते. ती परत मिळत नाही. एकाच कॉलेजला भरा. दोन ठिकाणी भरून ठेवणं कॉलेजांना मान्य नाही, आणि कळलं तर दोन्ही प्रवेश धोक्यात येतात. वेटलिस्टवर असाल तरी हातात आलेल्यांपैकी एका ठिकाणी अनामत भरून ठेवाच. वेटलिस्टमधून बोलावणं आलं तर तेवढी रक्कम सोडून द्यावी लागेल. मदतीचा निर्णय आला नसेल तर मुदतवाढ मागता येते, पण मुदत संपण्याआधी. अर्ली डिसिजनमधून प्रवेश मिळालेल्यांनी बाकीचे सगळे अर्ज लगेच मागे घ्यायचे असतात.

होकारानंतर कॉलेज आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद देतं. त्यासाठी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाइतके पैसे दाखवणारी बँकेची पत्रं लागतात, ती एप्रिलमध्येच तयार करायला घ्या. मग सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं, ३५० डॉलरचं शुल्क, आणि व्हिसाची मुलाखत. मुलाखतीच्या तारखा उन्हाळ्यात भराभर भरतात.

ज्या कॉलेजांना जायचं नाही त्यांच्या पोर्टलवर नकार नोंदवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ती जागा वेटलिस्टवरच्या कुणाला तरी मिळू शकते. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना निकाल स्वतः भेटून सांगा, प्रवेश मिळाला असो वा नसो. त्यांनीही नोव्हेंबरपासून विचारायचं टाळलेलं असतं.